भामरागडची पहिली इयत्ता

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि भामरागडात त्याच सुमारास पाऊस जोर धरतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा इथे संगम आहे. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो, आडबाजूच्या गावांचा संपर्क तुटतो आणि दूरच्या टोल्यावरची शाळा गुरुजींवाचून राहते. भामरागडच्या शिक्षणाविषयी बोलताना ही अडचण सगळे सांगतात, कारण ती डोळ्यांना दिसते. बुडालेल्या पुलाचे छायाचित्र काढता येते. दुसरी अडचण छायाचित्रात येत नाही. रस्ता कोरडा आहे, गुरुजी वेळेवर आले आहेत, हजेरी झाली आहे, आणि ते पहिलीच्या मुलांना म्हणतात, ‘चला, पुस्तक उघडा, चित्रात काय काय दिसते ते सांगा.’ समोर बसलेल्या मुलांना यातले काहीही कळलेले नसते. पुराने तोडलेला संपर्क आठवड्याभरात जुळतो. हा तुटलेला संपर्क कित्येक मुलांच्या बाबतीत चौथीपर्यंत जुळत नाही, आणि मग ते मूल एके दिवशी घरी निघून जाते ते परत येत नाही.

शाळेच्या दफ्तरात त्याची नोंद ‘गळती’ अशी होते. कारणाच्या रकान्यात घरची गरिबी, पालकांची उदासीनता, मोहफुलांचा हंगाम असे काहीतरी लिहिले जाते. ही कारणे खोटी नाहीत. मार्च-एप्रिलात सगळे घर पहाटे मोह वेचायला जाते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते, आणि वर्षाचा रोख पैसा त्यातूनच हातात येतो. पण हंगाम संपल्यावर मूल शाळेत का परतत नाही, याचे उत्तर घरात शोधून सापडणार नाही. ते वर्गात शोधायला हवे.

भामरागड, एटापल्ली या पट्ट्यातल्या माडिया गोंडांची माडिया ही बोली गोंडीचेच एक रूप, म्हणजे द्रविड कुळातली आहे. तेलुगू, कन्नड, तमिळ ही तिची नातलग. मराठीशी तिचे शेजारपण आहे, रक्ताचे नाते नाही. कोल्हापूरच्या किंवा वऱ्हाडच्या मुलाला प्रमाण मराठी जड जाते तेव्हा त्याला उच्चार आणि काही शब्द बदलावे लागतात, वाक्याचा सांगाडा तोच राहतो. माडिया मुलाला सांगाडाच नवा शिकावा लागतो. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे. गोंडीत पुरुष एकीकडे, आणि बायका, जनावरे, झाडे, दगड हे सगळे दुसरीकडे. त्यामुळे ‘आई आलं’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते. ते आपल्या भाषेचे व्याकरण चोख पाळत असते आणि मराठीत वाट शोधत असते. उच्चारांचेही तसेच. ख, घ, भ, ध असे महाप्राण मूळ द्रविड भाषांमध्ये नाहीत. ‘भात’ला ‘बात’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ जड नसते, तिला ती सवयच नसते.

गणितात तर याहून खोल गंमत आहे. गोंडीत एक, दोन, तीन हे उंदी, रंड, मुंड असे मोजतात. पण माणसे मोजायची झाली तर दोघांना इरवुर आणि तिघांना मुवुर. दगड मोजण्याचे शब्द वेगळे, माणसे मोजण्याचे वेगळे. मराठीत ‘दोघे’, ‘तिघे’ आहेत, म्हणून आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. ज्या गुरुजींना हे ठाऊक असते ते बेरीज शिकवताना आधी खडे आणि चिंचोके घेतात, मुलांना उभे करून मोजायचे काम पुढच्या टप्प्यावर ठेवतात. ज्यांना ठाऊक नसते त्यांना वाटते, मुलाला दोनपर्यंतही मोजता येत नाही. आणि त्याच मुलाला रानातली डझनावारी झाडे पानांवरून ओळखता येतात, याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात नसते.

अशा वर्गात मुले काय करतात? ती नक्कल करतात. मानवी बुद्धीची ही फार मोठी शक्ती आहे आणि इथे ती वाया जाते. फळ्यावरचे ‘कमळ’ मूल इतके सुबक उतरवते की वही तपासणारा अधिकारी खूश होऊन जातो. बाराखडी एका सुरात म्हटली जाते, पाढे म्हटले जातात, कविता तर हातवाऱ्यांसकट होते. तिसरीत मूल धडा घडाघड वाचून दाखवते. मग विचारा की धड्यातली मुलगी रडली का. मूल गप्प होते, खाली बघते. त्याने अक्षरांचे आवाज केले, वाचन केलेले नाही. आदिवासी भागातल्या शाळा पाहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. यात शिक्षकाचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा मोठा आहे. दोनशे-तीनशे किलोमीटरवरून नेमणूक होऊन आलेल्या तरुण गुरुजींना माडियातली शंभर वाक्ये तरी कोणी शिकवून पाठवले होते का?

हेमलकशात भाषा शिकण्याची ही गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली, म्हणून ती नीट समजून घेण्यासारखी आहे. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले ते दवाखाना चालवायला. रोगी येईनात, आलेले काय दुखते ते सांगू शकेनात. माडिया शिकवणारे पुस्तक हाताशी नव्हते, मधे बसून दोन्ही बाजू समजावणारा माणूस नव्हता. मग वस्तूकडे बोट दाखवायचे, समोरचा काय म्हणतो ते ऐकायचे आणि लिहून ठेवायचे, अशा पद्धतीने कार्यकर्त्यांनी भाषा गोळा केली. म्हणजे हेमलकशातले पहिले विद्यार्थी हे डॉक्टर आणि कार्यकर्ते होते, आणि त्यांचे शिक्षक गावकरी. निवासी आश्रमशाळा 1976 मध्ये निघाली, तेव्हा शिकवणाऱ्यांच्या गाठीला हा अडीच-तीन वर्षांचा शिकण्याचा अनुभव होता. मला वाटते, या शाळेच्या पुढच्या साऱ्या यशाचे मूळ या क्रमात आहे.

तरीही सुरुवात कठीण गेली. आईबापांना मूल दूर ठेवण्याचे प्रयोजन कळेना. आणलेली मुले पळून जात, रानातून पायी गाव गाठत. कार्यकर्ते पुन्हा गावात जात, बसत, बोलत, मुलाला परत आणत. दवाखान्यात बऱ्या झालेल्या माणसाच्या शब्दाला गावात वजन असे, त्या विश्वासावर शाळेचा पट हळूहळू वाढला. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. आमटे दांपत्याने आपली मुले शिकायला शहरात पाठवली नाहीत. दिगंत, अनिकेत आणि आरती याच शाळेत, माडिया मुलांबरोबर, त्याच बाकांवर शिकली. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात हा मुद्दा सापडणार नाही. पण ज्या शाळेत शिकवणाऱ्याचे स्वतःचे मूल बसते, त्या शाळेत काय चालते याकडे त्याचे लक्ष वेगळेच असते. गावकऱ्यांनाही ते दिसते.

या आश्रमशाळेत शिकलेली मुले पुढे डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली, वनखात्यात आणि पोलिसात गेली. माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे लालसू नोगोटी याच शाळेचे विद्यार्थी. पुण्यात कायदा शिकून ते भामरागडला परतले, ग्रामसभांच्या वनहक्कांसाठी काम करू लागले आणि 2017 मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले. 2008 साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्या वेळी त्यांच्या रुग्णसेवेबरोबर अध्यापनाचाही गौरव झाला होता.

पण आश्रमशाळा या रचनेत एक दुखणे आहे, ते हेमलकशासारख्या मायेच्या ठिकाणीही पूर्ण जात नाही. सहा वर्षांचे मूल घर सोडून वसतिगृहात येते. ठक्कर बाप्पांनी 1922 साली भिल्ल सेवा मंडळ काढले आणि पंचमहालात भिल्ल मुलांसाठी आश्रमाच्या धर्तीवर शाळा चालवल्या, त्या काळात विखुरलेल्या वस्त्यांसाठी दुसरा उपाय नव्हता. पुढे महाराष्ट्र शासनाने तीच रचना मोठ्या प्रमाणावर उचलली. मोठ्या मुलांसाठी ती उपकारक ठरली आहे. पहिली-दुसरीच्या मुलासाठी मात्र घर आणि भाषा एकाच दिवशी सुटणे हे फार होते. लोकबिरादरीनेच 2015 मध्ये नेलगुंडा या आडगावात साधना विद्यालय सुरू केले, तेव्हा शाळाच गावात नेली. मूल दिवसा शिकते आणि संध्याकाळी आपल्या अंगणात असते. समीक्षा आमटे यांच्या पुढाकाराने चाललेल्या या शाळेत इंग्रजी आणि मराठी आहेत, त्याबरोबर माडियालाही जागा आहे. आश्रमशाळेच्या चाळीस वर्षांच्या अनुभवातून निघालेली ही पुढची पायरी आहे, असे मी मानतो.

अनोळखी भाषेच्या मुलांना शिकवायचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी गंभीरपणे घेतला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे त्यांनी कधी लपवले नाही. पण हेतू काहीही असो, दुसऱ्याच्या मनापर्यंत पोहोचायचे तर त्याची बोली यावी लागते, हे त्यांना कामाच्या ओघात कळले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. अहमदनगरला सिंथिया फॅरर यांच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई 1886 ते 1888 या काळात अमेरिकेत होत्या. त्यांनी फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालोद्यान पद्धत अभ्यासली आणि तिच्या आधाराने मराठी क्रमिक पुस्तके आखायला घेतली. मुलाने आधी हात लावावा, पाहावे, मोजावे आणि मग नाव शिकावे, हा विचार मराठी वर्गात आणणाऱ्यांत रमाबाईंचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. ते क्वचितच घेतले जाते.

गोंडवनाच्या दृष्टीने यातले सर्वांत महत्त्वाचे नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आले, त्यांनी शाळा काढली, आणि त्याच वेळी गोंडांमध्ये फिरून त्यांची भाषा, गाणी, दैवतकथा टिपायला सुरुवात केली. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची दीर्घ कथा त्यांनी परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या तोंडून लिहून घेतली. 1863 मध्ये टाकळघाट परिसरात ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांचे कागद पुढे रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली ग्रंथरूपाने छापले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांच्या नावाने उभे आहे. आता यातली खंत सांगतो. हिस्लॉप यांनी टिपलेली भाषा विद्वानांच्या ग्रंथात गेली, आणि त्यांची शाळा मराठी-इंग्रजीच्या वाटेने गेली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात होत्या, पण त्यांची गाठ पहिलीच्या वर्गात पडली नाही. त्यानंतर शंभर वर्षे हेच चालले. गोंडीची व्याकरणे निघाली, शब्दसंग्रह निघाले. ती साहेबांना, पाद्र्यांना, संशोधकांना उपयोगी पडली. गोंड मुलाच्या हातात त्यातले काही आले नाही.

मिशन शाळांमध्ये प्रश्नोत्तरीची एक जुनी रीत होती. ठरलेला प्रश्न, ठरलेले उत्तर, शब्दही बदलायचा नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेतली घोकंपट्टी तिच्याहून वेगळी नव्हती, आणि या दोन परंपरा एकत्र येऊन आजचा ‘सगळ्यांनी एकदम म्हणा’ हा वर्ग तयार झाला. पण त्याच ख्रिस्ती शिक्षणाच्या पोटातून याला उत्तरही निघाले. पंजाबात मोगा इथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे खेड्यातल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय होते. 1920 च्या दशकात तिथे विल्यम मॅकी आणि आयरीन हार्पर यांनी प्रकल्प पद्धत आणली. मुले घर, शेत, बाजार असा विषय घेऊन प्रत्यक्ष काहीतरी उभारत आणि त्यातून हिशेब, भाषा, स्वच्छता शिकत. वाचन गोष्टीतून सुरू होई: आधी पूर्ण गोष्ट, मग तिच्यातली वाक्ये, मग शब्द, शेवटी अक्षर. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली, त्याच्या कितीतरी आधीचे हे काम. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेजारच्या वर्ध्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. मोगाचे नाव शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही असायला हवे.

या सगळ्यात मनाला सर्वाधिक भिडते ते मारलावाई. भामरागडपासून ते फार दूर नाही. आजच्या तेलंगणातल्या, तेव्हाच्या निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले हे गोंड गाव. 1940 मध्ये गोंड नेते कोमराम भीम यांचा उठाव चिरडला गेला, भीम मारले गेले, आणि हादरलेल्या निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे दिले. जमिनीच्या प्रश्नाबरोबर त्यांनी शिक्षणाची योजना मांडली, आणि 1943 मध्ये मारलावाईत शिक्षक घडवण्याचे केंद्र निघाले. शिक्षक कोण? बाहेरचे पदवीधर नव्हेत. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण निवडले, त्यांना शिकवले, आणि त्यांच्याकरवी गोंड मुलांना शिकवले. पुस्तके गोंडी भाषेत लिहिली आणि लिपी देवनागरी ठेवली. त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख बाजारामुळे होतीच, तिचा हा असा उपयोग झाला. मूल आधी स्वतःच्या भाषेत वाचायला शिके आणि मग दुसऱ्या भाषेकडे जाई. पुढे निजामशाही गेली, राज्यांची फेररचना झाली, शिकवण्याची भाषा तेलुगू झाली, मैदानी भागातले शिक्षक आले आणि गोंडी पुस्तके मागे पडली. योजना वर्गात फसली म्हणून ती बंद पडली नाही. राज्यकर्ते आणि त्यांची भाषा बदलली, म्हणून ती बंद पडली. महाराष्ट्रात तिचा धागा कोणी उचलला नाही, ही आपली चूक आहे.

मूल आधी कोणत्या भाषेत वाचते याने इतका फरक का पडतो? वाचायला माणूस एकदाच शिकतो. कागदावरच्या खुणेमागे अर्थ असतो, हा शोध मुलाला एका भाषेत लागला की तो दुसऱ्या भाषेत आपोआप बरोबर येतो. पण जी भाषा कळतच नाही तिच्यात हा शोध लागण्याची शक्यता फार कमी. नायजेरियात इफे इथे 1970 मध्ये बाब्स फाफुन्वा यांनी याची कसोटी घेतली. एका गटाला प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा या मातृभाषेतून शिकवले आणि इंग्रजी एक विषय म्हणून ठेवली. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे वरच्या वर्गांत इंग्रजीतून शिकवले. योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत पुढे राहिली, आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने 2004 च्या सुमारास गोंडी, कोया, कोलामीसह आठ आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले, पाठोपाठ ओडिशाने दहा भाषांत. इंद्रावतीच्या एका काठाला जे शक्य वाटले नाही ते इतर राज्यांनी करून पाहिले.

भामरागडच्या पहिलीच्या वर्गात उद्या सकाळी काय करता येईल? पहिले तीन महिने पुस्तक बाजूला ठेवावे आणि बोलावे. मुलांनी माडियात सांगावे, गुरुजींनी ऐकावे. माडिया येत नसेल तर पाचवी-सहावीतला एखादा मुलगा किंवा मुलगी मदतीला बसवावी. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवणे इथे नवे नाही. गावातला गोटुल, म्हणजे तरुण मुलामुलींचे सामूहिक घर, हेच करत आला आहे. शेजारच्या बस्तरमधल्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी 1947 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. हे मूळचे इंग्लंडचे पाद्री. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून ते आले आणि 1932 पासून शामराव हिवाळे या मराठी सोबत्यासह मंडला भागात गोंड मुलांसाठी शाळा चालवू लागले. गोटुलात गाणे, काम, शिस्त आणि वागणूक ही मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे कशी जाते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. शाळेने या व्यवस्थेशी भांडण्यापेक्षा तिचा हात धरावा.

मग अक्षरे. ती ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने शिकवण्याची काही गरज नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केले आणि मराठी वाचनासाठी अक्षरांचे छोटे गट केले. थोडी अक्षरे, त्यांच्याबरोबर लगेच काना-मात्रा, आणि लगेच अर्थाचे शब्द. हीच युक्ती माडियाला लावून पाहा. न, र, ल, य ही चार अक्षरे, काना आणि मात्रा एवढ्यावर नार म्हणजे गाव, लोन म्हणजे घर, येर म्हणजे पाणी हे शब्द लिहिता येतात. आठवड्याभरात मूल आपले घर आणि आपले गाव वाचू लागते. मुलाने सांगितलेली दोन वाक्ये गुरुजींनी देवनागरीत फळ्यावर लिहिली की तोच त्या दिवसाचा धडा. त्याखाली मराठी वाक्य लिहावे. दोन ओळी शेजारी राहू द्याव्यात, मुलाला ये-जा करू द्यावी. दुसरीच्या अखेरीस मराठी वाढवावी, तिसरीत आणखी. माडियातून सुरुवात म्हणजे मराठीला विरोध, असे समजणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. मराठी पक्की व्हावी म्हणूनच हे करायचे आहे.

वर्ग भिंतींच्या आतच भरला पाहिजे असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात भरवली, तीच कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द आणि कल्पनाही त्यांच्याच कामातून देशभर गेली. मोहाच्या हंगामात भामरागडची शाळा सकाळऐवजी दुपारी का भरू नये? टोपलीतल्या फुलांचे वजन, वाळल्यावर होणारी घट, व्यापाऱ्याने दिलेला भाव आणि झालेली रक्कम, यात चौथीचे निम्मे गणित येते. शिवाय मूल ते घरी जाऊन आईला सांगते, आणि काट्यात मारलेले माप कधी कधी पकडते. शाळेचा उपयोग घराला त्या दिवशी कळतो.

पालकांचा एक आक्षेप मी पूर्ण आदराने मांडतो. ते म्हणतात, माडिया तर घरी येतेच, शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवा, म्हणजे पोरगा तहसीलदारासमोर बोलू शकेल. त्यांची मागणी रास्त आहे. बाहेरच्या भाषेअभावी जमीन गेली, सही घेतली गेली, दवाखान्यात दुखणे सांगता आले नाही, असा त्यांचा पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांना तत्त्व ऐकवून चालणार नाही, निकाल दाखवावा लागेल: माडियातून सुरुवात केलेले मूल पाचवीत मराठी वर्तमानपत्र वाचून अर्थ सांगते, हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे.

कायद्याचा आधार आहे. संविधानात 1956 साली आलेले कलम 350-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्यास सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर माध्यम मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितले. तरी गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शाळा काढली, तेव्हा काय झाले? 2022 मध्ये मान्यता नाही म्हणून ती बंद करण्याची नोटीस आली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख आहे, पण ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. म्हणून पाठ्यपुस्तक नाही, म्हणून शिक्षकाची पदवी नाही, म्हणून शाळेला मान्यता नाही, असे हे चक्र फिरते. ते ग्रामसभेने तोडायचा प्रयत्न केला आणि तिलाच नोटीस मिळाली. हे चुकीचे झाले.

महाराष्ट्र शासनाकडे माझी मागणी एवढीच आहे. भामरागड, एटापल्ली, अहेरी आणि धानोरा या तालुक्यांत पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गावर माडिया किंवा गोंडी बोलणारा स्थानिक शिक्षक नेमा. आज या तालुक्यांत बारावी झालेल्या आणि पदवी घेतलेल्या माडिया मुली आहेत, मुले आहेत. हेमलकशाची शाळा आणि तिच्यासारख्या शाळा त्यांना पन्नास वर्षे घडवत आल्या आहेत. त्यांच्यासाठी अध्यापन पदविकेचा खास वर्ग गडचिरोलीतच काढा आणि माडियातली पहिली दोन पुस्तके त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आणि बाहेरून नेमणूक होऊन तिथे निघालेले शिक्षक हे वाचत असतील, तर त्यांनी शासनाची वाट पाहू नये. पहिल्या महिन्यात एक कोरी वही घ्यावी, मुलांना एकेक वस्तू दाखवून नाव विचारावे, आणि ते सांगतील ते लिहून काढावे.